बुधवारी तीन बोरं

कृषी खात्यात 34 वर्षं काढली. त्यातली बरीचशी काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यात. एवढ्या काळात मी मोठ्यानं वाचलं ते तीनच प्रकारचं: शासनाची परिपत्रकं, कीड सर्वेक्षणाचे अहवाल आणि शेतकरी मेळाव्यात प्रमुख पाहुण्यांचा परिचय. ऐकणाऱ्यांचं लक्ष जेवणाच्या मांडवाकडे असे. एकदा परिचयाची दोन पानं एकदम उलटली गेली आणि पाहुण्यांना जन्मल्याबरोबर जीवनगौरव मिळाला, तरी टाळ्या तेवढ्याच पडल्या. पाहुण्यांच्याही लक्षात आलं नाही. अशा माणसाच्या तोंडचा एक शब्द बदलला म्हणून कोणी धाय मोकलून रडेल, हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

शब्द होता आलुबुखारा. रडणारा माझा नातू, वय अडीच.

'काऊन रडवून राहिले जी त्याले?' स्वयंपाकघरातून आवाज आला.

'मी कुठं रडवलं? चूक दुरुस्त केली.'

'तुमच्या दुरुस्त्या हापिसात संपल्या आता.'

या प्रकरणाची सुरुवात केली माझ्या मुलीनं. ती न्यू जर्सीत असते आणि तिकडून आमच्या मनीषनगरातल्या घराचा कारभार बघते. मुलगा आणि सून मिहानमध्ये नोकरीला. सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर पोरगं आमच्या ताब्यात, म्हणजे आम्ही त्याच्या. 'बाबा, त्याला रोज वाचून दाखवता की नाही?' असं तिनं फोनवर विचारलं तेव्हा गडी चार महिन्यांचा होता आणि पालथं पडण्याच्या खटपटीत होता. मी म्हटलं, याला काय समजणार? तर म्हणाली, समजायचं नसतं, ऐकायचं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2014 सालीच सांगून ठेवलंय की अगदी तान्हेपणापासून बाळाला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तपासणीला येणाऱ्या आईबापांना हे सांगणं डॉक्टरांचंच काम.

मला तान्हेपणच फार लवकरचं वाटत होतं, तर तिनं गाडी आणखी मागं नेली. 1986 साली डिकॅस्पर आणि स्पेन्स या दोघा संशोधकांनी उत्तर कॅरोलायनात एक प्रयोग केला. गरोदर बायकांना शेवटच्या दीड महिन्यात रोज एक ठरलेला उतारा मोठ्यानं वाचायला सांगितला. बाळं जन्मल्यावर त्यांच्या कानाला यंत्र आणि तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की कानात वाजणारा उतारा बदलेल, अशी जोडणी. दोन-तीन दिवसांची ती बाळं सवयीचाच उतारा ऐकू येईल अशा लयीत चोखू लागली. वाचणारी बाई परकी असली तरी चालत होतं, मजकूर मात्र तोच पाहिजे होता. हे ऐकलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

आपल्याकडे हा प्रयोग महाभारतातच होऊन गेला आणि फसला. चक्रव्यूहात शिरायचं कसं इथपर्यंत पोटातल्या अभिमन्यूनं ऐकलं आणि सुभद्रेला झोप लागली. लोक आजवर त्या झोपेला बोल लावतात. दिवस भरत आलेल्या बाईला रात्रीच्या वेळी युद्धशास्त्र सांगत बसायचं का, हे विचारायला कुंती कुठं होती कोण जाणे. माझ्या सुनेनं पोटातल्या बाळाला काही वाचून दाखवलं नाही. नऊ महिने त्यानं ऐकल्या त्या तिच्या ऑनलाइन मीटिंगा. त्यामुळे जन्मल्यावर कोणीही 'माझा आवाज येतोय का?' म्हटलं की हे मान वळवायचं.

पुस्तकं यायच्या आधी आमच्याकडे एकच ग्रंथ चाले, तोही तोंडी. चिऊ-काऊ. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. याला पोरासोरांची गोष्ट म्हणून कोणी नाक मुरडू नये, ही गोष्ट लीळाचरित्रात आहे. तेराव्या शतकात आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटानं चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या, त्यात हे दोघं आपापली घरं बांधून बसलेले आहेत. मोर्शीला असताना मी रिद्धपूरवरून शंभरदा तरी गेलो असेन. पण डोक्यात संत्र्यावरच्या कोळशीचं सर्वेक्षण, चिमणीच्या घराकडे कोण बघतो? आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे.

हा म्हाइंभट मोठा काटेकोर माणूस. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारायचं, आणि मग ते नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घ्यायचं. पण पुढच्या धामधुमीत मूळ पोथीच गेली. अनुयायांनी आठवेल तशी पुन्हा लिहिली आणि एकेका लीळेचे निरनिराळे पाठ झाले. अभ्यासक मंडळी त्या पाठभेदांवर अजून मान मोडून बसलेली असतात.

आमच्या घरी हे सगळं आठ दिवसांत घडलं.

आमच्या सौभाग्यवतींचं माहेर हिंगणघाट. हिंगणघाट पाठातल्या चिमणीकडे, भिजत आलेल्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवायची सात कारणं आहेत. बाळाला न्हाऊ घालायचंय, पुसायचंय, पावडर लावायचीय, काजळ घालायचंय, कपडे घालायचेत, खाऊ घालायचंय, निजवायचंय. माझी चिमणी तिसऱ्या कारणाला दार उघडते, कारण मला बातम्या बघायच्या असतात. पहिल्याच रात्री मी दार उघडलं आणि नातू ताडकन उठून बसला. 'काजळ!' म्हणाला. आत आलेला कावळा मी परत पावसात काढला, बाळाला काजळ घातलं, आणि मग तो क्रमाने सातव्या कारणापर्यंत बाहेर उभा राहिला. बातम्यांत त्या दिवशी काय होतं ते मला आजतागायत ठाऊक नाही.

मग न्यू जर्सीहून पार्सल आलं. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, पानोपानी भोकं पाडलेलं एक पुस्तक. नाव 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'. आमच्या घरी त्याचं नाव झालं 'भुकेली अळी'. एरिक कार्ल नावाच्या चित्रकाराचं हे 1969 सालचं पुस्तक. कागदाच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोकं पाडता पाडता त्याला म्हणे ही गोष्ट सुचली. आधी त्याच्या मनात साधा पुस्तकी किडा होता. संपादिकाबाई म्हणाल्या, त्यापेक्षा अळी घ्या, म्हणजे शेवटी फुलपाखरू होईल. अशी भोकंवाली पानं छापणं अमेरिकेत परवडेना, तेव्हा पुस्तक छापलं जपानात. हे वाचून मला थोडं वाईट वाटलं. पंचिंग मशीन मीही 34 वर्षं वापरलं. माझ्या भोकांतून टॅगच्या नाडीशिवाय काहीही बाहेर आलं नाही.

पुस्तक इंग्रजी, नातू नागपुरी. म्हणून मी बघत बघत मराठी करून वाचायला घेतलं. पानावर एक अंडं. रविवारी ऊन पडतं आणि अंड्यातून अळी निघते. माझ्या तोंडून सवयीनं गेलं, 'प्रादुर्भाव सुरू झाला.' सोमवारी एक सफरचंद. मंगळवारी दोन नाशपाती. बुधवारी तीन प्लम. गुरुवारी चार स्ट्रॉबेरी. आपल्या चिखलदऱ्याला होतात तसल्या. आणि शुक्रवारी, इथं माझा आवाज फिरला, शुक्रवारी पाच संत्री! पाचही संत्र्यांना आरपार भोकं. अळी बहुभक्षी, आर्थिक नुकसानीची पातळी केव्हाच ओलांडलेली, आणि पुस्तकभर बागायतदाराचा पत्ता नाही. मी तिथंच थांबलो आणि 5 टक्के निंबोळी अर्काची फवारणी सुचवली. नातवाला दाखवायला तोंडानं 'फुस्स' केलं.

तेवढं केलं नसतं तर बरं झालं असतं. फवारणी तेव्हापासून पुस्तकाचा भाग आहे. शुक्रवार आला की दोघांनी मिळून त्या पाच संत्र्यांवर 'फुस्स' करायचं. त्याचं 'फुस्स' ओलं असतं. शुक्रवारचं पान आता पुठ्ठ्यापेक्षा पापडाच्या जवळ गेलंय. पोथ्यांत प्रक्षिप्त भाग कसा शिरतो, हे मी त्या दिवशी स्वतः केलं.

बुधवारचं प्रकरण याहून नाजूक. चित्रातले ते जांभळे गोल बघून पहिल्या दिवशी मी सहज म्हणून गेलो, 'बोरं'. दिवस निघून गेला, पण रात्री मन खाऊ लागलं. बोर वेगळं, आलुबुखारा वेगळा. दोघांची कुळंही वेगळी. कृषी पदवीधराच्या नातवानं उद्या चारचौघांत प्लमला बोर म्हटलं तर? दुसऱ्या दिवशी मी शुद्ध मनानं 'तीन आलुबुखारे' वाचलं, आणि पुढं काय झालं ते वर आलंच आहे. बोरं परत आणली तेव्हा कुठं हुंदके थांबले. मराठी पाठ लिहून ठेवलेला नाही, तो फक्त दोन डोक्यांत आहे, आणि त्यातलं एक डोकं त्रेसष्ट वर्षांचं. खात्री करायची झाली तर दुसऱ्या डोक्याकडेच जावं लागतं. म्हाइंभटाला निदान नागदेवाचार्य होते. माझे नागदेवाचार्य रात्री डायपर लावून बसतात.

शनिवारच्या पानाचा अनुवाद मी एकट्यानं केलेला नाही. त्या दिवशी अळी एका दमात दहा जिन्नस खाते: चॉकलेट केक, आइस्क्रीम, लोणचं, चीज, सलामी, लॉलीपॉप, चेरी पाय, सॉसेज, कपकेक आणि टरबूज. लोणचं आणि टरबूज ऐकून आजीला बरं वाटलं. बाकी यादीवर तिनं भाजी निवडता निवडता हरकत घेतली. 'चेरीचा पाय? पाय काऊन खाते थे?' पाय गेला, तिथं संत्रा बर्फी आली. चीज पिवळं आणि तिकोनी दिसतं म्हणून त्याची पातोडी झाली. सॉसेज म्हणजे काय ते मी हळू आवाजात सांगितल्यावर तिनं कानावर हात ठेवले आणि तिथं सांबारवडी बसवली. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते आमच्या हिशेबी वरण.) राहिली सलामी. ती कशाची चकती असते हे शाकाहारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उच्चारायची माझी छाती नव्हती. मी आहे तोच शब्द ठेवला आणि क्रियापद बदललं. शनिवारी अळीनं सलामी दिली. उजवा हात कपाळाला.

नातवाला हे इतकं पटलं की तो शनिवारच्या पानाला उभा राहूनच सलामी देतो. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, पोरगं सैन्यात जाणार.

एवढं खाल्ल्यावर त्या रात्री अळीचं पोट दुखतं. हे मूळ पुस्तकातही आहे. कार्लसाहेब दुसऱ्या दिवशी तिला एक हिरवं पान खायला देऊन बरं करतात. आजीनं पानाच्या आधी ओवा दिला. कोमट पाण्याबरोबर. पुढं अळी कोषात जाते. इंग्रजीत इथं पतंगाच्या कोषाचा शब्द पडलाय म्हणून जाणकारांनी लेखकाला धारेवर धरलं होतं, कारण फुलपाखराच्या कोषाला तिकडे निराळा शब्द आहे. मराठीत दोघंही कोषातच जातात. भाषेची गरिबी कधी कधी अशी कामाला येते.

हे वाचन गुपचूप होत नाही. मे महिना, पारा 45 च्या वर, आणि आमचा कूलर जुना लोखंडी. त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे विमानतळाच्या धावपट्टीवर उभं राहून बोलायचं. शिवाय कूलर लावला की दार किलकिलं ठेवावं लागतं, नाहीतर घर दमट होतं. म्हणजे मी ओरडून वाचतो, आणि ते किलकिल्या दारातून गल्लीत जातं. भर दुपारी, कुत्रंसुद्धा बाहेर नसताना, आमच्या घरातून एक वडीलधारा माणूस 'शुक्रवारी पाच संत्री!' असं गर्जत असतो. शेजारचे काकाजी, बँकेतून निवृत्त, दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी फाटकाशी गाठलं.

'काय जी, हिशेब घेऊन राहिले का कोणाचा?'

'नातवाले वाचून दाखवून राहिलो.'

'बाप्पा! मले वाटलं संत्रेवाल्याशी भांडण झालं.' मग जाता जाता थांबले. 'पण मंगळवारी दोनच काऊन आणते थो?'

नवतप्यात एका रात्री लाइन गेली. कूलर थांबला आणि सगळी गल्ली सतरंज्या घेऊन गच्चीवर आली. नातवानं एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात पुस्तक घेतलं. मी म्हटलं, बाळा, अंधारात दिसणार नाही, तोंडी सांगतो. त्याला तोंडी सांगायला हरकत नव्हती, फक्त पानं उलटायची. प्रत्येक वाराला एक. मला दिसत नव्हतं ते पान तो बोटानं चाचपायचा, भोकं मोजायचा आणि म्हणायचा, 'हं.' असा काटेकोर लेखापरीक्षक माझ्या नोकरीत आला असता तर अर्धा विभाग घरी बसला असता. वाऱ्याची एक झुळूक आली आणि मंगळवारच्या नाशपात्यांपाशी मला डुलकी लागली. सुभद्रेची अडचण त्या क्षणी समजली.

'आबाजी!'

'हो हो. बुधवारी…' बुधवारी काय, ते काही केल्या आठवेना. जिभेवर आलुबुखारा तयार होता.

पलीकडच्या गच्चीवरून, अंधारातून, काकाजींचा खर्जातला आवाज आला. 'तीन बोरं, जी.'

गुरुवारी कोणाचीच चूक झाली नाही. शुक्रवारी दोन गच्च्यांवरून 'फुस्स' झालं.

श्रावणात पुस्तक घराबाहेर पडलं. आमच्या अंगणात कुंडीत गोडनिंब आहे, पुण्यामुंबईचे लोक ज्याला कढीपत्ता म्हणतात तो. एका सकाळी आजी फोडणीसाठी पानं तोडायला गेली आणि ओरडली. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी काळं-पांढरं होतं आणि ते हलत होतं. मी चष्मा लावायच्या आधीच ओळखलं. लिंबावरच्या फुलपाखराची अळी. संत्र्याच्या रोपवाटिकेत कोवळी रोपं बोडकी करते, आणि गोडनिंबही तिला चालतो. संख्या कमी असल्यास हातानं वेचून नष्ट करावी, हे वाक्य मी आयुष्यात किती मेळाव्यांत म्हटलं त्याला गणती नाही. माझा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढं गेली.

'आबाजी, तिले भूक लागली,' नातू माझ्या कोपराला लटकून म्हणाला.

बोटं परत घेतली. माझ्या सेवापुस्तकात ही नोंद व्हायला नको, पण अळीला अभय मिळालं, तेही घरच्या फोडणीच्या खर्चानं. पुढचे दिवस आजी वरणासाठी काकाजींच्या घरून गोडनिंब मागून आणत होती आणि आणताना माझ्याकडे बघत होती. अळी कात टाकत टाकत मोठी झाली, मग एक दिवस हिरवीगार झाली. नातू उठल्याबरोबर दात न घासता कुंडीशी.

'सोमवारी काय खाल्लं?'

'पान.'

'मंगळवारी?'

'पान.'

बुधवारी त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. 'बोरं?' मी म्हटलं, नाही रे, हिला पानच आवडतं. शुक्रवारी आणलेलं संत्रं सोलून त्यानं एक फोड कुंडीत ठेवली. अळीनं ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या कपाळाला आठी पडली. पुस्तकात चूक असणं शक्य नव्हतं, आबाजींनी बोरं परत आणलेली होती. तेव्हा चुकत होती ती अळीच.

शनिवारी सकाळी बाहेरून आवाज येऊ लागला म्हणून मी खिडकीशी गेलो. चिरंजीव स्नानगृहातला प्लास्टिकचा पाट घेऊन कुंडीसमोर बसले होते. पुस्तक उघडून, चित्रं अळीकडे करून, मांडीवर उभं धरलेलं. आवाज कूलरवर चढवतात तेवढा, कूलर बंद असूनही. सोमवारपासून सगळं क्रमानं तिला वाचून दाखवलं. प्रत्येक वाराला थांबून तिच्याकडे बघितलं, मध्येच माझ्यासारखा घसा खाकरला. शुक्रवारी तिच्यावर 'फुस्स' केलं, आणि मी खिडकीत दचकलो. मग शनिवार. आजीनं नाश्त्याला दिलेल्या सांबारवडीचा तुकडा त्यानं मुठीत जपून ठेवलेला होता. तो तिच्या तोंडाशी नेला, आणि ती घेईना तेव्हा जरा टोचला.

या अळीला डिवचलं की ती मान उचलते आणि डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते. उग्र वास सोडते. शत्रूला भिववण्याची तिची ती रीत आहे. मी शेतकऱ्यांना चित्र काढून दाखवत असे.

अळीनं मान उचलली. दोन शिंगं झर्रकन बाहेर आली.

'आबाजी! सलामी दिली!'

तोही पाटावर ताठ उभा राहिला, सांबारवडीचा हात कपाळाला लावला. मग पुस्तक कुंडीला टेकवून आत पळाला आणि आजीकडे ओवा मागू लागला.